आधी कोऱ्या पानावर

प्रिय तन्वी आणि रोहन,

गेल्या मे महिन्यात तुम्ही साताऱ्याला आला होतात, तेव्हा माझी एक खोड तुम्ही पकडलीत. मी माझ्या बहिणीला थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण फोनवरून पाठवत होते. एका मैत्रिणीकडून आलेला मजकूर मी कॉपी केला, फोनमध्ये एक कोरं पान उघडलं, त्यावर तो चिकटवला, चष्मा लावून वाचला आणि मगच बहिणीला पाठवला. तन्वी म्हणाली, "आज्जी, डायरेक्ट पेस्ट कर ना! मध्येच हे काय?" आणि रोहन म्हणाला, "आज्जी पेस्टसुद्धा चहासारखं गाळून घेते." सगळे हसलो. मीही हसले. तुमची आई मात्र हसली नाही, ताटं उचलून आत गेली. तिला या गाळण्याचं कारण माहीत आहे. ते घडलं तेव्हा ती शाळेत होती आणि मी कितीतरी दिवस घरात गप्प गप्प असायची.

यंदा इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला नोकरीतल्या आठवणी लिहायला सांगितल्या. "त्या काळात बायका कॉम्प्युटरवर काय करायच्या ते लिहा, आणि जरा गमती येऊ द्या," म्हणाल्या. गमती आहेत, त्या लिहीन. पण मला जे सांगायचं आहे ते तुम्हालाच सांगायचं आहे. बाकीच्यांनी बरोबर बसून ऐकावं. तुम्हाला मराठी सरसर वाचता येत नाही, तेव्हा आई वाचून दाखवेल.

सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणक केंद्र सांभाळत होते. माझे वडील सैन्यात होते, त्यामुळे माझी शाळा छावण्यांमध्ये झाली, इंग्रजीत. पुढे गणितात पदवी, मग पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स. लग्न होऊन सांगलीला आले ती या नोकरीत शिरले आणि तिथेच निवृत्त झाले.

केंद्र म्हणजे एक लांबट खोली. कॉलेजात एसी फक्त दोन ठिकाणी होता, प्राचार्यांच्या केबिनमध्ये आणि आमच्याकडे. जमिनीवर गालिचा. धुळीनं मशीन बिघडतं म्हणून चपला बाहेर काढायच्या, हा नियम मी केलेला नव्हता, पण मी तो माझाच असल्यासारखा पाळायला लावायची. बाहेर लाकडी मांडणी होती आणि चपला तिच्यात जोडीनं, टाचा आत करून ठेवलेल्या असायला हव्यात. एकदा संस्थेचे एक विश्वस्त केंद्र पाहायला आले आणि बूट काढायला काही तयार होईनात. "अहो, जरा डोकावून जातो," म्हणाले. मी दारातून हलले नाही. शेवटी त्यांनी बूट काढले, तेव्हा कळलं की उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्यांनी सबंध केंद्र एका पायावर दुसरा पाय ठेवून पाहिलं आणि कौतुक करून लवकर गेले.

आत एक मोठं मशीन होतं आणि त्याला जोडलेली टर्मिनलं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. त्याला स्वतःची अक्कल नाही, सगळी अक्कल कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. माऊस नाही, चित्रं नाहीत. त्यावर लिहायचं असेल तर 'व्ही-आय' नावाचा एडिटर होता. त्याचा स्वभाव विचित्र होता. तुम्ही कीबोर्डवर अक्षर दाबलं की तो ते लिहून घेईलच असं नाही. आधी त्याला एक विशिष्ट अक्षर दाबून सांगायचं, की बाबा, आता मी लिहिणार आहे. ते न सांगता टाइप करायला लागलात, तर प्रत्येक अक्षर तो हुकूम समजायचा. एका अक्षराचा अर्थ खोड, दुसऱ्याचा अर्थ ओळी जोड, तिसऱ्याचा अर्थ केलेलं सगळं परत फिरव. नवी मुलं रडकुंडीला यायची. पण एकदा हात बसला की त्याच्यासारखा चपळ एडिटर नव्हता, आणि माझा हात चांगलाच बसला होता.

मग विंडोजचे पीसी आले. आता एकाच पडद्यावर दोन-तीन खिडक्या उघडता यायच्या. एका खिडकीत विंडोजचं साधं नोटपॅड, दुसऱ्या खिडकीत आमचं जुनं टर्मिनल, जसंच्या तसं, काळं-हिरवं. नोटपॅडमधला मजकूर कॉपी करून टर्मिनलच्या खिडकीत चिकटवता यायचा. लोकांना ही जादू वाटली. पण टर्मिनलला हे चिकटवणं कळायचंच नाही. त्याला वाटायचं, कुणीतरी फार भरभर टाइप करतंय.

आमचे मोहिते सर पहिल्यांदा यात सापडले. त्यांनी नोटपॅडमध्ये परीक्षेचा पेपर नीट टाइप केला, कॉपी केला आणि व्ही-आयला 'मी लिहिणार आहे' हे न सांगताच चिकटवून दिला. मग त्या पेपरातलं प्रत्येक अक्षर हुकूम झालं. ओळी नाहीशा व्हायला लागल्या, उरलेल्या एकमेकींत घुसायला लागल्या. सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मॅडम! मॅडम, हे माझा पेपर खातंय!"

मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "खाऊ दे की सर, भूक लागली असंल त्याला."

सगळं केंद्र हसलं. आणि मी, मुलांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "सर, आधी बघायचं, मग चिकटवायचं. इतकं साधं आहे." सरांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर पाटी लावली: 'चिकटवण्यापूर्वी पाहा. कोणत्या खिडकीत आहात?' सुबक अक्षरात, लाल रेघ मारून. ती पाटी पुढे मलाच रोज बघावी लागली.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. विंडोजमध्ये कॉपी केलं की मजकूर एका कप्प्यात जाऊन बसतो आणि पेस्ट म्हटलं की तिथून बाहेर येतो. व्ही-आयलाही असाच कप्पा होता, पण त्याचा स्वतःचा. एका घरात दोन जावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात, तसं. थोरलीनं तिच्या डब्यात साखर भरली म्हणून धाकटीच्या डब्यात ती येत नाही. व्ही-आयमध्ये त्याच्या हुकमानं मजकूर उचलला, तर तो व्ही-आयच्या डब्यात. विंडोजला त्याचा पत्ताच नाही. विंडोजच्या डब्यात जे आधी होतं तेच राहतं, आणि पेस्ट म्हटलं की तेच बाहेर येतं. टर्मिनलमधला मजकूर विंडोजच्या डब्यात हवा असेल, तर तो माऊसनं निवडून खिडकीच्या मेनूतून कॉपी करायचा. हे मी तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलांना दरवर्षी शिकवत होते. जावांचं उदाहरण माझंच. मुलांना आवडायचं.

त्याच सुमारास ई-मेल आलं. सबंध कॉलेजला एकच जोडणी, तीही पुण्याला एसटीडी फोन लावून. फोनची तार ऑफिसातल्या आप्पांच्या टेबलावरून यायची. आप्पा आमचे हेडक्लार्क. मी जोडणी केली की त्यांचा फोन बंद, आणि ते दर थोड्या वेळानं दारात येऊन उभे.

"मॅडम, झालं का तुमचं अमेरिकेला? हितं इस्लामपूरला फोन लावायचाय मला."

"होतंय, आप्पा."

"मीटर नुसतं पळतंय बघा. बैलगाडी शर्यतीत पळावं तसं."

म्हणून आमची पद्धत अशी: पत्र आधी निवांत लिहून ठेवायचं, कॉपी करायचं, मग पुण्याला जोडणी करायची, तिकडच्या टर्मिनलच्या खिडकीत झटकन पेस्ट करायचं, पाठवायचं आणि फोन सोडायचा. जोडणीवर बसून कुणी विचार करायचा नाही. गावातलेही लोक येत. हळदीचे एक व्यापारी मुलाला पत्र पाठवायला आले ते पत्ता घातलेलं पाकीट घेऊनच. मी म्हटलं, पाकीट लागत नाही. ते म्हणाले, "असू द्या की बरोबर. वाटेत पत्ता पुसला तर?" पाकीट माझ्याकडे ठेवूनच गेले.

मुलं परदेशी विद्यापीठांना अर्ज करायला लागली होती, आणि अर्जाबरोबर प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागत. आमचे विभागप्रमुख इनामदार सर मनानं भले, पण त्यांचं शिफारसपत्र एकच होतं. हा विद्यार्थी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, त्याचं चारित्र्य उत्तम आहे. मुलगी असली की 'तो'ची 'ती' करायची आणि नाव बदलायचं. ते पत्र माझ्या नोटपॅडमध्ये होतं. सर म्हणायचे, "मॅडम, तुमचं इंग्लिश चांगलं आहे, काय ते बघून पाठवून द्या." अनेक मुलं त्याच पत्रावर परदेशी गेली. आजही कुठल्या तरी विद्यापीठाच्या कपाटात ते पत्र वेगवेगळ्या नावांनी शेजारी शेजारी बसलेलं असेल.

वैशाली शेवटच्या वर्षाला होती. माधवनगरची. तिचे वडील बाबुराव तिथल्या एका गिरणीत कामाला होते आणि ती गिरणी आज बंद पडते की उद्या, अशी अवस्था होती. मुलगी हुशार. परदेशातल्या एका विद्यापीठात तिनं अर्ज केला होता, आणि तिथल्या एका प्राध्यापकांना तिचं काम आवडलं होतं. प्रवेश मिळाला तर शिष्यवृत्तीसह मिळणार होता, आणि शिष्यवृत्तीशिवाय जाण्याचा प्रश्नच नव्हता. दोन शिफारसपत्रं पोचली होती, तिसरं इनामदार सरांचं राहिलं होतं. मुदत संपत आली होती. पोस्टानं पोचलं नसतं, पण ई-मेल चालेल असं त्या प्राध्यापकांनी कळवलं होतं.

सर म्हणाले, "नेहमीचं पाठवा."

मी म्हणाले, "सर, हिच्यासाठी वेगळं लिहू का? तुम्ही वाचा आणि मग पाठवते."

सरांनी वर पाहिलं. "हिच्यासाठी का?"

"हिच्याबद्दल लिहिण्यासारखं आहे म्हणून."

हे उत्तर खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. वैशाली आपल्यातली होती. आपल्या घरी फोन उचलल्यावर पहिले शब्द 'जय भीम' असतात, तसेच त्यांच्याही घरी. तिचे वडील एकदा तिची फी भरायला आले होते. चपला मांडणीत ठेवून दारात उभे राहिले आणि मोकळेपणानं म्हणाले, "जय भीम, बाई. मी वैशालीचा बाप." केंद्रात मोहिते सर होते, आप्पा होते, दहा-बारा मुलं होती. मी म्हणाले, "नमस्कार. या ना, बसा." त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बसले, पाणी प्यायले, गेले. घरी येऊन मी स्वतःला समजावलं की ऑफिसात सगळ्यांना मी नमस्कारच म्हणते. ते खरंही होतं. मोहिते सर 'जय श्रीराम' म्हणाले असते तरी मी नमस्कारच म्हटलं असतं. पण ते तसं म्हणाले असते तर मला इकडे तिकडे बघावंसं वाटलं नसतं.

तर ते पत्र मी मनापासून लिहिलं. नोटपॅडमध्ये नाही, व्ही-आयमध्ये लिहिलं, कारण चांगलं काही लिहायचं असलं की माझे हात तिकडेच जात. सरांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, ही मुलगी माझ्या वर्गात होती हे मला हे वाचून कळलं. पाठवा."

त्याच दिवशी सकाळी मी अभिजित नावाच्या मुलाचं शिफारसपत्र दुसऱ्या एका विद्यापीठाला पाठवलं होतं. नेहमीचं, नोटपॅडमधलं.

दुपारी वैशालीचं पत्र पाठवायला बसले. व्ही-आयमध्ये पत्र उघडलं आणि त्याच्या हुकमानं सगळा मजकूर उचलला. हात आपोआप तेच करत होते, दिवसभर तेच करायचे. मग पुण्याला जोडणी केली. आप्पा दारात आलेच. "मॅडम, प्राचार्यांचा फोन यायचाय." मी दुसऱ्या खिडकीत गेले, विद्यापीठाचा पत्ता घातला, विषयात 'शिफारसपत्र' एवढंच घातलं आणि पेस्ट केलं. अक्षरं सरसर वर चढत गेली. मी शेवटची ओळ पाहिली. इनामदार सरांचं नाव, हुद्दा, कॉलेजचं नाव. सगळं बरोबर. पाठवलं आणि फोन सोडला.

विंडोजच्या डब्यात सकाळचं अभिजितचं पत्र तसंच होतं, आणि दोन्ही पत्रांचा शेवट एकच होता. मी शेवटच पाहिला.

डोक्यावर पाटी होती: 'चिकटवण्यापूर्वी पाहा.' नोटपॅडमधलं नेहमीचं पत्र नाव बदलून पाठवलं असतं, तर ते बिनचूक गेलं असतं. मी तिच्यासाठी वेगळं काही करायला गेले, म्हणून ते चुकलं. या गोष्टीचं मला आजही काय करायचं ते कळत नाही.

त्याच आठवड्यात बाबुराव बेदाण्यांची पुडी घेऊन आले. तासगावचे हिरवे बेदाणे होते. "पोरगी म्हनली, बाईंनी लय झटून पत्र लिहिलं. सरांनीबी वाखाणलं म्हनं." मी ते घेतले. तुमच्या आईनं आणि मी ते खाल्ले.

मग उत्तर आलं. सभ्य, छोटं. आपल्या कॉलेजाकडून अभिजित नावाच्या विद्यार्थ्याबद्दल पत्र मिळालं, पण या नावाचा अर्जदार आमच्याकडे नाही. कुमारी वैशाली यांचं तिसरं पत्र मुदतीत न आल्यामुळे त्यांचा अर्ज शिष्यवृत्तीसाठी विचारात घेता आला नाही. मी ते टर्मिनलवर वाचलं. मग परत वाचलं, जणू खाली आणखी काही असेल. व्ही-आय उघडून पाहिलं, तिचं पत्र त्यात जसंच्या तसं होतं. पहिल्याच ओळीत तिचं नाव.

मी सरळ इनामदार सरांकडे गेले आणि सांगितलं. सर म्हणाले, "अरेरे. लगेच कळवा त्यांना. कॉम्प्युटरमधल्या बिघाडामुळे असं झालं म्हणून कळवा."

"सर, बिघाड नव्हता. मी चुकीचा मजकूर पेस्ट केला."

"हो, पण ते त्यांना कशाला? बिघाड म्हटलं की लोक समजून घेतात."

मी तसं लिहिलं नाही. माझी चूक म्हणून लिहिलं, सोबत खरं पत्र पाठवलं, त्या प्राध्यापकांना वेगळं लिहिलं. या वेळी माऊसनं निवडून, मेनूतून कॉपी करून, ओळ न ओळ वाचून. आप्पा दारात आले, माझं तोंड पाहून परत गेले. प्राध्यापकांनी हळहळ व्यक्त केली. जागा वाटून झाल्या होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, असं त्यांनी सुचवलं.

बाबुरावांना आणि वैशालीला मी बोलावून घेतलं. केंद्रातच, बाकी कुणी नसताना. ते दोघं चपला काढून आत आले. बाबुराव दारात थांबले आणि म्हणाले, "नमस्कार, मॅडम."

मुलांनो, मला पुढचं काही बोलायच्या आधी तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'बाई' म्हणायचे ते आता 'मॅडम' म्हणाले, 'जय भीम'चा त्यांनी 'नमस्कार' केला होता. माझ्यासाठी. मला इथे अवघडायला नको म्हणून.

मी सगळं सांगितलं. पत्र कसं गेलं, कुणाचं गेलं, उत्तर काय आलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी मशीननं घोळ केला."

"नाही, बाबुराव. मशीननं काही केलं नाही. मी केला."

"आवं, मशीन हाय ते. आमच्या गिरनीत बघा की, चालता चालता धागा तुटतो. कोन तोडतंय व्हय त्यो? आपसूक तुटतो."

"धाग्यासारखं नाही हे. मी दुसरंच पत्र चिकटवलं. मी बघितलं नाही."

"न्हाई, न्हाई." त्यांनी हात हलवला, जणू मी माझ्याबद्दल वाईट बोलत होते आणि ते त्यांना ऐकवत नव्हतं. "तुमी कशा चुकाल, मॅडम? तुमी एवढं इंग्लिश शिकलेल्या. आमी पोरीला सांगतो, मॅडमसारखी हो. मशीनच हाय ते." आणि मग, मला धीर द्यावा तसं, "तुमी मनाला लावून घिऊ नका. पोरगी अजून ल्हान हाय. पुढं बघू."

मी जितकं माझी चूक म्हणत होते, तितकं त्यांना ते माझं मोठेपण वाटत होतं. ते चिडले असते, ओरडले असते, बेदाण्यांची आठवण काढली असती, तर मला काहीतरी हातात मिळालं असतं. त्यांनी मला तेसुद्धा दिलं नाही.

वैशाली टर्मिनलकडे बघत होती. तिला कळलं होतं. त्या खोलीत माझ्याशिवाय फक्त तिलाच कळलं होतं, काय झालं ते.

दोघं बाहेर गेली. मी खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळानं ती एकटीच परत आली. वडील खाली सायकल काढत होते. ती दारातच उभी राहिली, चपला हातात धरून.

"मॅडम, तुम्ही व्ही-आयमधूनच उचललं होतं ना? त्याच्या हुकमानं?"

"हो."

"आणि पेस्ट विंडोजचं केलं."

"हो."

"जावांचं उदाहरण," ती म्हणाली. "तिसऱ्या सेमिस्टरला."

मला मान वर करता येईना. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती एखादा प्रोग्रॅम कुठे अडला ते शोधावं, तशी शोधत होती. मग म्हणाली, "पाटीनं भागत नाही, मॅडम. घाईत कुणी पाटी बघत नाही. आधी कोऱ्या पानावर पेस्ट करून वाचायचं. मगच जोडणी करायची. म्हणजे डब्यात काय आहे ते आधीच दिसतं." आणि खालून वडिलांनी हाक मारली, "वैशाले, चल गं," तशी ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाटी काढली. मोहिते सरांनी विचारलं, "का हो, पाटी कुठे गेली?" मी म्हणाले, "सर, त्या दिवशी मुलांसमोर मी तुम्हाला बोलले, ते मला शोभलं नाही." सर गोंधळून म्हणाले, "कधी? काय?" त्यांना आठवतही नव्हतं. माफी मागायला गेले तिथे कुणीच मला माफी मागू देत नव्हतं.

पुढच्या वर्षी तिनं अर्ज केला नाही. गिरणी बंद पडली होती आणि धाकट्या भावांची शिक्षणं होती. तिनं कराडकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची नोकरी धरली आणि ती तिथेच राहिली. कुणी म्हणेल, तेही चांगलंच झालं. म्हणू दे. ती जिथे जाणार होती तिथे ती गेली नाही, आणि ते माझ्या हातून झालं. हे चांगलं झालं म्हणण्याचा अधिकार तिला आहे, मला नाही.

बऱ्याच वर्षांनी सांगलीच्या एसटी स्टँडवर ती मला भेटली. केसांत थोडी पांढरी बट. मी सगळ्या गर्दीत, मोठ्यानं, आधी मीच म्हणाले, "जय भीम, वैशाली." ती हसली आणि "जय भीम, मॅडम" म्हणाली. वडील गेले, भाऊ मार्गी लागले, असं सांगत होती. आपल्या विद्यार्थ्यांना ती स्वतः शिफारसपत्रं लिहिते, प्रत्येकाला वेगळं. मग साताऱ्याची गाडी लागली आणि मी पिशवी उचलली, तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, त्या पत्रात काय लिहिलं होतं हो तुम्ही? मी कधी वाचलंच नाही."

मी म्हणाले, "आता आठवत नाही गं."

मला सगळं आठवत होतं. पण पत्र तिला चांगलं म्हणत होतं, आणि ते तिथे उभं राहून तिला ऐकवणं म्हणजे बघ, मी किती चांगलं लिहिलं होतं, असं म्हणून सूट मागण्यासारखं झालं असतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं. गाडीत बसल्यावर कळलं, की मी तिला परत एकदा तिचं पत्र पोचू दिलं नाही.

दिवाळी अंक कराडला जातो. म्हणून ते इथे देते. मूळ इंग्रजीत होतं आणि खाली नाव इनामदार सरांचं होतं, पण शब्द माझे आहेत.

'वैशालीबद्दल हे पत्र लिहिताना मला शोधावं लागत नाही. तिचा प्रोग्रॅम अडला की ती कुणाला हाक मारत नाही, आधी मशीन काय म्हणतंय ते वाचते. शेजारच्याचा अडला की त्याच्या बाजूला बसते, पण त्याच्या कीबोर्डला हात लावत नाही. आमच्या संगणक केंद्राच्या प्रमुखांनी केलेल्या एका प्रोग्रॅममधली चूक तिला सापडली होती. ती सगळे जाईपर्यंत थांबली, आणि मग दारात उभं राहून तिनं ती सांगितली, दुरुस्तीसकट. दुसऱ्याची चूक ती चारचौघांत दाखवत नाही, आणि दाखवल्याशिवाय राहतही नाही. तिला शिकवण्याची संधी तुम्हाला मिळावी, अशी माझी इच्छा आहे.'

हे आधी कोऱ्या पानावर लिहिलं. पहिल्या ओळीपासून वाचलं. नाव वैशालीचंच आहे.

तुमची,
आजी